आज सकाळी सक्रिय

सिस्टरची उभी हयात दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या देण्यात गेली आणि स्वतःची गोळी मात्र तिला कधी आठवली नाही. हॉस्पिटलात तिचा दरारा असा, की ती औषधांची ट्रॉली ढकलत वॉर्डात शिरली की पेशंट आपणहून तोंडं उघडायचे. निवृत्त झाल्यावर ब्लडप्रेशर मागे लागलं, तेव्हा हीच बाई डॉक्टरला सांगायला लागली, "घेते हो मी. कधीकधी राहते एवढंच." डॉक्टर तिच्याच वॉर्डात शिकून मोठा झालेला. तिला रागवायची त्याची काय बिशाद!

रागावला तो मुलगा. मुलगा लिफ्टचा मेकॅनिक होता, उंच उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस असा, की घरात साधी फळी ठोकायची तर दोन स्क्रूंच्या जागी सहा मारणार. लिफ्टला एक दोर पुरतो तरी पाच लावतात, कारण एक कधीतरी तुटणार हे धरूनच चालायचं असतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. त्यानं आपला जुना टॅब आणला, ओट्याच्या कडेला भिंतीला टेकवून उभा केला आणि त्यात स्वतःच्या आवाजात गजर भरून ठेवला. रोज सकाळी आठ वाजता टॅब बोलायचा, "आई, गोळी. नंतर घेते म्हणू नकोस, आत्ता घे." पडद्यावर 'घेतली' असं एक मोठं बटण यायचं. ते दाबलं की गजर गप्प. नाही दाबलं की थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

"मला शिकवायला निघालाय," असं सिस्टर म्हणायची खरी, पण बटण दाबायची. इतकंच नाही, तर खरा मुलगा समोर बसून चहा पीत असला तरी आधी टॅबमधल्या मुलाला उत्तर द्यायची, "घेतली रे बाबा, घेतली." शेजारणीला कौतुकानं सांगायची, "मला आता दोन मुलगे झालेत. एक माझं ऐकत नाही आणि दुसऱ्याला ऐकूच येत नाही."

मग त्या दोघांतला एक गेला.

कामावर गेला होता. लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता, आणि पाच दोर लावूनही जे व्हायचं ते झालंच. कसं झालं, चूक कुणाची, यावर पुढे पुष्कळ बोलणं झालं. सिस्टरनं ते कधी मन लावून ऐकलं नाही. खिशातला फोनही त्याच्याबरोबरच चिरडला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. कोणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि स्वयंपाकघरातून स्वच्छ, ठणठणीत आवाज आला, "आई, गोळी. नंतर घेते म्हणू नकोस, आत्ता घे." बसलेली माणसं जागच्या जागी गार पडली. सून दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीकडे वळली. सिस्टर उठली, आत गेली, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि बटण दाबलं. "घेतली रे," असं ती म्हणाली ते बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

पुढे चार-आठ दिवसांनी सून म्हणाली, "आई, तो टॅब बंद करा ना. मला नाही सहन होत."

"करते," सिस्टर म्हणाली. केला मात्र नाही. टॅब उचलून आपल्या खोलीत नेला, आवाज कमी केला आणि उशीच्या मागे ठेवून दिला. सकाळी आठला खोलीचं दार लोटून ती एकटी बसायची. कधी मुद्दाम बटण दाबायची नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा हाक मारायचा. अशा चार-पाच हाका ऐकून मग ती गोळी घ्यायची. सुनेनं एकदा विचारलं, "आई, टॅबचं काय केलंत?" तर ही सरळ म्हणाली, "बंद करून ठेवलाय कपाटात." वॉर्डात जिनं कधी पेशंटला खोटा ताप सांगितला नाही, ती बाई सुनेशी धडधडीत खोटं बोलली.

आता सुनेचं दुःख वेगळंच होतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना लहान लहान अक्षरं वाचायला लावायची. घरात मुलगी होती, नवरा गेला तेव्हा नुकती नीट बोलायला लागलेली. तिला सगळे ठकी म्हणत. ठकीचे सगळे फोटो बापानं काढलेले. बाप घोडा झालाय नि ठकी पाठीवर बसलीय, बाप टॉवेल डोक्याला गुंडाळून गोष्ट सांगतोय, असे व्हिडिओही ढीगभर. ते सगळं त्याच्या खात्यात, इंटरनेटवर कुठेतरी. सुनेच्या फोनमध्ये म्हणाल तर दुकानातल्या फ्रेमचे फोटो. "तू काढतोस ना, मग मी कशाला काढू," असं ती म्हणायची. भिंतीवर लग्नातला एक मोठा फोटो तेवढा होता, आणि त्यात तो इतका नटलेला होता, की ठकी त्याला 'राजा' म्हणायची. बाबा म्हणून ती त्याला ओळखतच नव्हती.

ठकी बापाला विसरत चालली होती. आधी ती दाराची घंटा वाजली की धावत जायची. मग जायची बंद झाली. मग एकदा तिनं विचारलं, "बाबा कसा होता, डॉक्टरकाकांसारखा?" सुनेच्या हातातलं भांडं खाली पडलं.

पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. पण त्या माणसानं याचीही सोय करून ठेवली होती. सहा स्क्रू मारणारा तो! कधीतरी संध्याकाळी बायकोला हसत हसत म्हणाला होता, "हे बघ, मी मेलो ना, तर सहा महिने माझ्या खात्याकडे कोणी फिरकणार नाही. मग कंपनी समजेल की मी गेलो, आणि सगळे फोटो, व्हिडिओ आपोआप तुझ्याकडे येतील. तुला मेल येईल. नंतर माझं खातं पुसून टाकतील. काम झाल्यावर मागे कचरा ठेवायचा नाही."

"शुभ बोल की जरा," सून तेव्हा म्हणाली होती. आता त्या अशुभ बोलण्यावरच तिचा सगळा भरवसा होता.

मधल्या काळात तिनं एक खटपट करून पाहिली होती. पासवर्ड विसरला असं सांगितलं की कंपनी त्याच्या फोन नंबरवर एक आकडा पाठवते, हे तिला कळलं. पण नंबर तर तिनं स्वतःच परत करून टाकला होता. काय करणार बिचारी! त्याच्या नंबरचं दुसरं सिम काढून तिनं आपल्या फोनमध्ये घातलं, तर दिवसातून दहादा फोन यायचे, "अहो, लिफ्ट मध्येच अडकलीय, आत माणसं आहेत, लवकर या." आठवडाभर तिनं लोकांना सांगितलं, ते येणार नाहीत. मग तिचा धीर सुटला. नंबर परत गेला आणि कंपनीनं तो दुसऱ्याच कोणाला तरी देऊन टाकला.

त्या दुसऱ्याशी बोलली सिस्टर. सुनेची हिंमत होईना, म्हणून हिनं फोन लावला. पलीकडे लाकूड घासल्याचा आवाज येत होता. माणूस फर्निचरला पॉलिश करणारा निघाला.

"हा नंबर आधी माझ्या मुलाचा होता," सिस्टर म्हणाली.

"हो का? मग तुम्हीच सांगा मावशी, लोक मला लिफ्टबद्दल का विचारतात?"

"त्याचं काम आहे ते." पुढचं वाक्य साधं होतं, तीन शब्दांचं. ते तिला बोलता आलं नाही. "त्याचा फोन खराब झालाय. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा सांगाल का?"

पॉलिशवाला भला माणूस. फोनवर आलेला आकडा कोणाला सांगायचा नसतो, एवढं तो म्हणाला. पण मावशींचा आवाज ऐकून त्यानं सांगितला. सुनेनं तो टाकला. पडद्यावर अक्षरं आली: आता तुमच्या जुन्या फोनवर 'हो' म्हणा. जुना फोन तर लिफ्टच्या खड्ड्यात चुरा होऊन पडला होता. घोडं तिथेच अडलं.

म्हणून मग वाट पाहणं आलं. सहा महिने झाले, मेल आला नाही. सुनेनं आणखी वाट पाहिली. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवता बसवता ती मध्येच फोन बघायची. मग एका सुटीच्या दुपारी तिनं कंपनीलाच फोन लावला. बरीच गाणी ऐकून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलायला आली. सुनेनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. सिस्टर शेजारी बसून ठकीचे फ्रॉक घडी घालत होती.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांनी स्वतःच व्यवस्था करून ठेवली आहे. त्यामुळे आम्हाला मध्ये काही करता येत नाही. सहा महिने खातं वापरलं गेलं नाही, की सगळं आपोआप तुमच्याकडे येईल."

"सहा महिने कधीच होऊन गेले."

"एक मिनिट हं मॅडम." पुन्हा गाणं. "नाही मॅडम. खातेदार सक्रिय आहेत."

"ते वारले आहेत! दाखला पाठवलाय मी तुम्हाला."

"हो मॅडम, दाखला मिळाला. आम्हाला फार वाईट वाटतं. पण आमच्या नोंदीप्रमाणे खातं आज सकाळीच वापरलं गेलंय."

सून खुर्चीवरून उठून उभी राहिली. "आज सकाळी? कोणी? किती वाजता?"

"ते नाही सांगता येणार मॅडम. खातेदारांची खाजगी माहिती आहे."

सिस्टरच्या हातातला फ्रॉक अर्धवट घडीतच राहिला. तिला सगळं एका क्षणात कळलं. टॅब मुलाचा होता, मुलाच्याच खात्यावर चालत होता. रोज सकाळी ही 'घेतली' म्हणून बटण दाबायची आणि तिकडे कंपनीच्या दफ्तरी तिचा मुलगा जिवंत व्हायचा. आठवड्याचे सातही दिवस, न चुकता.

फोन ठेवल्यावर सून पांढरीफटक पडली होती. "आई, त्याच्या खात्यात कोणीतरी चोर शिरलाय."

"असेल," सिस्टर म्हणाली, आणि मूग गिळून गप्प बसली.

किती वाईट बाई, असं वाटेल ऐकणाऱ्याला. वाटू दे. पण तिच्या जागी बसून बघा. सहा महिने ती हाक ऐकायची नाही, आणि सहा महिन्यांनी खातंच पुसलं जाणार, म्हणजे पुढे कधीच नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर याच सिस्टरनं किती लोकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "आता मशीन त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी चालू आहे. सोडा त्यांना." लोक तिच्याकडे डोळे फाडून बघायचे. काही जण हात जोडायचे. तिला तेव्हा वाटायचं, माणसांना इतकं साधं का कळत नाही? आता तिला कळलं होतं, की त्यांना कळत सगळं होतं. सोडवत नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशीही दार लोटून बसली. तिसऱ्या दिवशीही. रोज ठरवायची, आज शेवटचं, आणि रोज आठ वाजता तिचे पाय खोलीकडे वळायचे. एका सकाळी दार नीट लागलं नव्हतं. टॅब बोलला, "आई, गोळी." सिस्टरनं बटणाकडे बोट नेलं, तर मागे ठकी उभी. हातात एका पायातला मोजा.

"आजी," ती म्हणाली, "हा कोण काका बोलतोय?"

ठकी अगदी सहज विचारत होती. रस्त्यातला कोणी माणूस असावा तसं. तिला उत्तर हवं होतं असंही नाही, ती मोजा घालायला आली होती. सिस्टरनं तिच्या पायात मोजा घातला, तिला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात टॅब घेतला आणि सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"चोर मी आहे," ती म्हणाली.

सून चिडली नाही. चिडली असती तर बरं, असं सिस्टरला वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग खाली बसली आणि म्हणाली, "मला ऐकवा एकदा." तिनं ते डोळे मिटून ऐकलं. तिला रडू आवरेना, आणि सिस्टरला तिच्याजवळ जायचा धीर होईना.

मग दोघींनी टॅबमध्येच फोटो उघडता येतात का ते पाहिलं. गजराला पासवर्ड लागत नव्हता, पण फोटोंना लागत होता. लग्नाची तारीख झाली, ठकीचं खरं नाव झालं, लिफ्टच्या कंपनीचं नाव झालं. पडद्यावर ताकीद आली: आणखी एकदा चुकलात तर खातं कायमचं बंद. दोघींनी चटका बसावा तसे हात मागे घेतले. गल्लीच्या तोंडाशी मोबाईलवाला होता, त्याला टॅब दाखवला. त्यानं तो उलटासुलटा केला आणि मान हलवली. "याच्यात नुसता गजर चालतोय, बाकी सगळ्याला कुलूप आहे. आणि आजी, हा चालू असेपर्यंत कंपनी म्हणणार, तुमचा मुलगा मजेत आहे."

सुनेनं तो आवाज आपल्या फोनमध्ये भरून घेतला. "आई, हा कुठे जात नाही आता. हवा तेव्हा लावून ऐका," ती समजुतीनं म्हणाली. सिस्टरनं मान डोलवली. पण लावून ऐकायचं म्हणजे आपण जाऊन त्याला बोलतं करायचं. आजवर तो आपणहून हाक मारत होता. ती कामात असली तरी मारायचा, नको असली तरी मारायचा. हा फरक सुनेला सांगून काय उपयोग, म्हणून ती बोलली नाही.

टॅब बंद तिनंच केला. बाजूचं बटण दाबून धरलं, तर त्यानं विचारलं, बंद करायचा? तिनं 'हो' दाबलं. पडदा काळा झाला तेव्हा सवयीनं तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. वॉर्डात अशी वेळ केसपेपरवर लिहायची असते. इथे कशावर लिहिणार? तिनं टॅब सुनेच्या हातात दिला आणि सांगितलं, "तुझ्या कपाटात ठेव. माझा भरवसा नाही."

ते सहा महिने सिस्टरनं कसे काढले, तिचं तिला माहीत. सकाळी आठला ती मुद्दाम भाजी आणायला बाहेर पडायची. गोळी कधी घ्यायची, कधी राहायची. सून आठवण करायची, पण सुनेची आठवण म्हणजे विनंती. "आई, गोळी घेतलीत का?" त्यात रागावणं नव्हतं. एकदा न राहवून सिस्टरनं सुनेच्या फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. मध्येच सुनेच्या मैत्रिणीचा फोन आला आणि तो 'नंतर घेते' एवढ्यावरच तुटला. पुन्हा तिनं ते लावलं नाही.

ठकी बालवाडीत जायला लागली. एकदा बाईंनी सगळ्यांना घरातली माणसं काढायला सांगितली. ठकीनं आई काढली, आजी काढली, स्वतःला दोघींपेक्षा मोठं काढलं आणि वर कोपऱ्यात मुकुट घातलेला एक माणूस काढला. "हा राजा. तो भिंतीवर राहतो," असं तिनं बाईंना समजावून सांगितलं. सुनेनं तो कागद सिस्टरला दाखवला आणि म्हणाली, "आता थोडेच दिवस राहिले, आई. एकदा तो घोडा झालेला बघितला ना तिनं, की आठवेल तिला. आठवेलच." आठवेल की नाही, सिस्टरला ठाऊक नव्हतं. पण सून हे इतक्या आशेनं बोलली, की सिस्टरनंही तसंच म्हटलं.

मुदत भरली. त्या दिवशी सुनेनं सुटी घेतली. ठकीला नवा फ्रॉक घातला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मेल आला नाही. आणखी एक आठवडा गेला. सिस्टरनं कपाटातला टॅब स्वतः तपासला, तो बंदच होता, दगडासारखा. मग सुनेनं पुन्हा कंपनीला फोन लावला. यावेळी पलीकडे एक मुलगा होता, पण बोलणं तेच गोड.

"मॅडम, मुदत संपायच्या आधी आम्ही खातेदारांना मेसेज पाठवून विचारतो, तुम्ही आहात का म्हणून. चुकून कोणाचं खातं जायला नको ना. तसं आम्ही विचारलं."

"मग?"

"त्यांनी 'हो, मी आहे' असं कळवलंय. त्यामुळे सहा महिने आता पुन्हा नव्यानं मोजले जातील."

"त्यांनी कळवलं?" सून म्हणाली. "कोणी कळवलं?"

"खातेदारांनी, मॅडम."

सुनेनं फोन बंद केला नाही. पलीकडून तो मुलगा 'आणखी काही मदत करू का' असं विचारत राहिला. सिस्टरनंच फोन तिच्या हातातून काढून घेतला. मेसेज कुठल्या नंबरवर गेला असणार, हे तिच्या लगेच ध्यानात आलं होतं. तिनं तोच नंबर लावला. पलीकडे लाकूड घासायचा आवाज थांबला.

"मावशी! ओळखला मी आवाज. झालं का तुमच्या मुलाचं काम?"

"तुम्हाला कंपनीचा काही मेसेज आला होता का?"

"आला होता की. चांगला दोनदा आला. खातं बंद होणार आहे, तुम्ही आहात का, असं विचारत होते. मी म्हटलं, मावशींच्या मुलाचं खातं दिसतंय, फोन खराब म्हणून त्याला कळलं नसेल. फुकट बंद पडायला नको. म्हणून दाबलं मी, 'हो, मी आहे'." तो थोडा थांबला. आपलं कौतुक होईल असं त्याला वाटत असावं. "बरोबर केलं ना?"

सिस्टर भिंतीला टेकली. ह्या भल्या माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या? त्याला जे सांगितलं त्यावरून त्यानं जे करायचं तेच केलं होतं. ते तीन शब्द ती त्या दिवशी बोलली असती, तर आज ठकी आपल्या बापाला बघत बसली असती. पण ते शब्द तिनं त्याला सांगितले नव्हते. त्याला कशाला, कोणालाच सांगितले नव्हते. शेजाऱ्यांना सुनेनं सांगितलं होतं, नातेवाइकांना सुनेच्या भावानं. सगळ्यांना सगळं माहीत आहे, मग मी कशाला बोलू, असं म्हणत तिनं आजवर निभावून नेलं होतं.

सून तिच्याकडे बघत होती. आतल्या खोलीत ठकी बाहुलीला दामटून झोपवत होती.

"माझा मुलगा वारला," सिस्टर म्हणाली. "तेव्हाच वारला. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मग पॉलिशवाल्याचा आवाज आला, एकदम पडलेला. "अरे देवा. मावशी, मला काय माहीत! मी आपलं चांगल्यासाठी..."

"तुमची काही चूक नाही. पण ते पुन्हा विचारतील. सहा महिन्यांनी. तेव्हा तुम्ही त्यांना सांगा, नाही म्हणून. तो नाही म्हणून सांगा."

"सांगतो. सांगतो ना. थांबा, तो मेसेज अजून आहे माझ्याकडे, आत्ताच बघतो." फोन कानापासून दूर गेल्याचं तिला कळलं. कुठेतरी हातोडी वाजत होती. मग तो परत आला.

"मावशी, यात 'नाही'चं बटणच नाहीये हो. नुसतं 'हो' आहे."

"काय म्हणतोय तो?" सुनेनं विचारलं.

सिस्टरनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. "मग काहीच दाबू नका," ती पॉलिशवाल्याला म्हणाली.